रोमनीकर मेंढ्याचा कान

निघोज्याच्या धनगरांत कोंडाजी ठोंबरे हा माणूस दोन गोष्टींसाठी ठाऊक होता. एक त्याचा अंगठा आणि दुसरी त्याची जीभ. अंगठा असा, की डोळे मिटून मेंढराच्या कानावरून फिरवला की जनावर कुणाच्या घरचं ते सांगून मोकळा व्हायचा. आणि जीभ अशी, की सांगता सांगता त्या घरच्या चार पिढ्यांचा उद्धार करायचा. चाकणच्या बाजारात मेंढरांवरून भांडण जुंपलं की लोक पंच शोधत नसत, कोंडाजीला शोधत. तो यायचा, कान चाचपायचा, निवाडा द्यायचा, दोन्ही पक्षांना शिव्या घालायचा आणि त्यांच्याच खर्चानं चहा पिऊन परत जायचा.

कानाचं प्रकरण असं, की धनगराच्या घराण्याची एक खूण ठरलेली असते. कोकरू जरा मोठं झालं की रविवार बघून त्याचे कान कातरायचे आणि जखमेला देवाचा भंडारा चोपडायचा. मग ते जनावर जन्मभर त्या घरचं. ठोंबऱ्यांची खूण म्हणजे डाव्या कानाचं टोक उडवायचं आणि उजव्या कानाला खालच्या कडेनं एक खाच घ्यायची. कोंडाजीच्या घरी या कामाला तिघं बसत. बायको अंबुबाई कोकरू मांडीवर दाबून धरायची, कोंडाजी भंडाऱ्याची वाटी घेऊन बसायचा, आणि चाकू असायचा चिमाजीच्या हातात. चिमाजी हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

चिमाजी डावखुरा होता. त्यामुळं त्याची खाच कधी सरळ म्हणून पडली नाही. ती कानाच्या मुळाकडं तिरपी जायची. शिवाय पोरगं मऊ काळजाचं. कोकरू ओरडलं की याचाच चेहरा उतरायचा. "खाच मार लेका, गुदगुल्या काय करतोयस," असं कोंडाजी खेकसायचा. पण आतून त्याला त्या तिरप्या खाचेचं भारी कौतुक. बाजारात अंगठ्याला ती लागली की चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "ह्ये आमच्या डावऱ्याचं काम."

मग दुसरं महायुद्ध पेटलं आणि चाकणला भरतीवाले आले. मेंढरांमागं चालून चालून चिमाजीचे पाय काटक झाले होते, आणि सरकारला असलेच पाय हवे होते. त्यानं घरी विचारलंच नाही. एका संध्याकाळी येऊन सांगितलं की पलटणीत नाव घातलंय. अंबुबाई चुलीपुढं बसली ती बसूनच राहिली. कोंडाजी एरवी तोंडाचा पट्टा सोडायला मागंपुढं बघणारा नव्हे, पण त्या दिवशी त्याला शब्द सापडेनात, आणि जे एक वाक्य सापडलं ते नको तेच होतं. "कोकराचा कान कापताना हात कापतोय तुजा. तितं जाऊन काय करनार हाईस?" चिमाजी नुसता हसला. दुसऱ्या दिवशी तो खडकीच्या वाटेला लागला.

तो इटली नावाच्या मुलखात गेला हे त्यांना कळलं, आणि पुढं तिथंच लढाईत बेपत्ता झाला हेही कळलं. मेला असं कुणी सांगितलं नाही. मेला म्हटलं असतं तर दहावं-बारावं करता आलं असतं, रडून मोकळं होता आलं असतं. बेपत्ता माणसाचं काय करायचं हे कुठल्याच रीतीत बसत नव्हतं. त्याचं घोंगडं घडी घालून उतरंडीमागं ठेवलेलं होतं, ते काढावं की ठेवावं हेसुद्धा दोघांना ठरवता येईना.

त्यातच एक गोष्ट घडली, जी कुणी ठरवून केली नाही. आपल्याकडं बाईचं नाव पहिल्या मुलाबरोबर बदलतं. चिमाजी पाळण्यात पडल्यापासून सगळी आळी अंबुबाईला 'चिमाजीची आई' म्हणत होती. जावा म्हणत, वाणी म्हणे, खुद्द कोंडाजी म्हणे. पोरगा बेपत्ता झाल्यावर लोकांची जीभ अडखळायला लागली. 'चिमा' म्हणून तोंड उघडायचं आणि अर्ध्यातच 'अंबुबाई' म्हणून वळवून घ्यायचं. माणुसकीच होती ती, बाईच्या जखमेला धक्का लागू नये एवढाच हेतू. पण त्या माणुसकीनं तिच्याकडं उरलेलं होतं तेवढंही काढून घेतलं. कोंडाजीही तिला नुसतं 'अगं' म्हणू लागला.

मुलगा नाही, पाय थकलेले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचा तर तरणी माणसं बरोबर हवीत. कोंडाजीनं कळप भावाच्या मुलांच्या हवाली केला. त्याच सुमाराला भोसरीच्या पुढं नाशिक रस्त्याच्या कडेच्या माळावर सरकारनं मेंढ्यांचं एक केंद्र काढलं. परदेशी मेंढे आणायचे आणि आपल्या काळ्या दख्खनी मेंढीची राठ लोकर सुधारायची, असा बेत होता. कोंडाजीनं नाक मुरडलं, "आमच्या लोकरीनं तुमचं काय घोडं मारलंय?" असं तिथल्या साहेबाला तोंडावर विचारलं, आणि राखणदाराची नोकरी धरली. राहायला पत्र्याची खोली मिळाली. दिवस मावळला की तिथून पिंपरीच्या अंगाला औषधांच्या नव्या कारखान्याचे दिवे दिसायचे, वारा इकडचा असला की भोंगाही ऐकू यायचा. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून माणसं येऊन त्या भोंग्यावर उठायला-जेवायला शिकत होती. कोंडाजी मात्र मेंढरांच्या खोकण्यावर उठायचा.

पंचावन्न सालच्या थंडीत विलायतेतून तीन मेंढे आले. मुंबईपर्यंत बोटीनं, चिंचवडपर्यंत रेल्वेनं आणि पुढं केंद्राच्या ट्रकनं. ट्रक चालवायचा चांदभाई. हा चाकणचाच माणूस, लढाईत लष्कराच्या मोटारी हाकत इटलीपर्यंत जाऊन आलेला. साहजिकच कोंडाजीनं त्याला ओळख झाल्याबरोबर चिमाजीबद्दल विचारून घेतलं होतं. चांदभाईनं डोकं खाजवून आठवून बघितलं होतं.

"बाबा, आपली पोरं तिकडं ढीगभर होती. तुमचा मला नाही भेटला," तो म्हणाला होता. "पण एक सांगतो. जी पोरं दुश्मनाच्या कैदेत सापडली ना, त्यांना लढाई संपल्यावर विलायतेत नेऊन ठेवलं होतं. तिथनं मग बोटींत बसवून घरी धाडलं."

"समदी आली का घरी?"

"आता समद्यांचं मी कसं सांगू, बाबा?"

हे उत्तर कोंडाजीनं उराशी बांधून ठेवलं होतं. कुणाला बोलला नव्हता.

तर मेंढे आले. पहिल्या पेटाऱ्याची फळी निघाली आणि मेंढा बाहेर पडला तेव्हा कोंडाजीनं तोंडात बोट घातलं. शिंगं नाहीत, तोंड पांढरं, नाकाडं काळं, आणि अंगावर लोकर एवढी की पाय शोधावे लागावेत. "ह्ये मेंढरू हाय का गादी?" असं म्हणत त्यानं त्याला धरलं आणि जन्माच्या सवयीनं त्याचा अंगठा कानाकडं गेला. डाव्या कानाला टोक नव्हतं. कोंडाजीनं उजवा कान हातात घेतला. खालच्या कडेला खाच होती, आणि ती कानाच्या मुळाकडं तिरपी गेलेली होती.

त्यानं दुसरा मेंढा बघितला, तिसरा बघितला. तिघांच्या कानांना तीच खूण. मग तो तिथंच शेणामुतात फतकल मारून बसला. चांदभाईला वाटलं मेंढ्यानं धडक दिली.

"चांदभाई, कुटली रं ही मेंढरं?"

चांदभाई लष्करात थोडीफार इंग्रजी अक्षरं शिकला होता. पेटाऱ्यावरची अक्षरं त्यानं बोट लावून लावून वाचली. "रोमनी. रोमनी मार्श. मार्श म्हणजे पाणथळ जागा, एवढं मला समजतंय. बाकी समुद्राकाठी आहे म्हणत होते रेल्वेतले बाबू."

"पर ह्ये नाव गावाचं का मेंढराचं?"

"दोघांचं. गावाचंच मेंढराला पडलं असणार."

यात कोंडाजीला काही नवल वाटलं नाही. चाकणचा तो चाकणकर आणि भोसरीचा तो भोसरीकर, मग रोमनीचा तो रोमनीकर. तिघांतला जो थोराड होता त्याला त्यानं त्या दिवसापासून रोमनीकर हेच नाव दिलं.

दुसऱ्या कुणी ती खाच बघितली असती तर म्हटलं असतं, असेल तिकडचीही काही खूण, मेंढ्या तिकडं आहेत म्हणजे मेंढपाळही असणार. पण धनगराला कान हा कान नसतो, ती सही असते. सही जुळली की तो पुढं काही विचारत नाही. कोंडाजीच्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळून आलं. पोरगं कैदेत सापडलं, विलायतेत आलं, तिथं कुणा मेंढरंवाल्यानं त्याचे पाय बघितले, हात बघितला, आणि ठेवून घेतलं. तो पळतच खोलीकडं गेला. पळताना धोतराचा सोगा सुटला तेही त्याला कळलं नाही.

"चिमाजीची आई," त्यानं दारातूनच हाक मारली. "चिमाजीची आई, भाईर ये. आपल्या डावऱ्याची खूण आलीया."

अंबुबाई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं उठली. दहा वर्षं ती हाक तिच्या कानावर आली नव्हती. गोठ्यात आली, रोमनीकरासमोर बसली, त्याचा कान हातात धरून कितीतरी वेळ चाचपत राहिली. पांढऱ्या लोकरीवर पीठ दिसत नव्हतं, पण काळ्या नाकाला लागलं. कोंडाजी वाकून तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि बघता बघता हसत होता.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "त्येचीच हाय." आणि पदर तोंडाला लावून खोलीत निघून गेली.

त्यानंतरची दोन वर्षं कोंडाजीच्या आयुष्यात जास्तीची आली म्हणायची. माणूस पार बदलून गेला. जेवायला लागला, बोलायला लागला, चांदभाईची थट्टा करायला लागला. रोमनीकराचे लाड तर विचारू नका. पावसाळ्यात बाकीच्या जनावरांचे खूर चिखलानं कुजायला लागायचे, पण हा पाणथळातला गडी बघता बघता डबक्यातून चालत जायचा. "बापजाद्यांपासनं चिखलातच वाढलाय," असं कोंडाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, जणू त्या घराशी त्याची सोयरीकच झाली होती. उन्हाळ्यात मात्र जनावर धापा टाकायचं. मग हा त्याच्या पाठीवर ओली पोती टाकून शेजारी बसायचा आणि त्याच्याशी गप्पा मारायचा. त्या गप्पांत चिमाजीला उद्देशून शिव्याही असायच्या, कारण इतकी वर्षं घरी निरोप न धाडणाऱ्या पोराला बापानं दुसरं काय द्यायचं?

"तितं मडमिणीशी लगीन लावून बसला आसंल," तो एकदा जेवताना म्हणाला.

"लावू द्या," अंबुबाई म्हणाली. "तिला कोकरू धरता येत आसंल म्हंजी झालं."

मेंढ्यांची लोकर कातरून पुण्याला जायची, त्यातली घरी ठेवता येत नसे. पण माळावरच्या बोरी-बाभळींच्या काट्यांना आणि कुंपणाच्या तारेला रोमनीकराची लोकर अडकायची. अंबुबाई रोज फिरून ती वेचून आणी. लांब, चकाकत्या धाग्याची लोकर, आपल्या घोंगडीच्या लोकरीहून निराळीच. ती टकळीवर कातायची आणि गुंडा थोडा थोडा वाढायचा. कोंडाजीनं ठरवून टाकलं होतं की याचं घोंगडं विणून घ्यायचं आणि ते चिमाजी आला की त्याच्या अंगावर घालायचं. अंबुबाई काततच राही. कधीतरी विचारी, "अवो, पर रोमनी म्हंजी काय? गावाला नाव पडतंय म्हंजी त्याला काय तरी अर्थ आसनारच की."

"इचारीन डाक्टरला," कोंडाजी म्हणायचा.

पण विचारत नव्हता. डॉक्टर यशवंतराव म्हणजे पुण्यात बसणारे मोठे साहेब, अधूनमधून केंद्रावर यायचे. हे मेंढे त्यांनीच मागवले होते, म्हणजे ते कुणाच्या शेतावरचे हे त्यांना नक्की ठाऊक असणार. एक कार्ड टाका म्हणावं, आमचा मुलगा तिथं आहे का ते विचारा म्हणावं, इतकं सोपं काम. चांदभाई तर कितीदा म्हणाला, मी बोलतो साहेबांशी. कोंडाजी त्याचा हात धरून त्याला खाली बसवायचा. सगळ्या बाजाराला तोंडावर बोलणारा हा माणूस डॉक्टर आले की पाण्याच्या बादल्या उचलून दुसऱ्या टोकाला जायचा. विचारलं तर उत्तर मिळेल, याची त्याला भीती वाटत होती.

सत्तावन्नचा वैशाख फार तापला. बाकीचे दोन मेंढे आदल्या वर्षीच दुसऱ्या केंद्रावर गेले होते, विलायती म्हणून माळावर रोमनीकर एकटाच उरला होता. कोंडाजीनं पोती भिजवली, चांदभाईनं टाकी भरून आणली, अंबुबाई पदरानं वारा घालत बसली. दुपार टळायच्या आत मेंढ्यानं मान टाकली. कोंडाजी रडला नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन उजवा कान अंगठ्यानं चाचपत राहिला, आणि चांदभाईनं दोनदा सांगितलं तरी तो अंगठा निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतराव आले. त्यांनी मेंढा तपासला, माळाच्या कडेला खड्डा काढून पुरायला लावलं, आणि मग लिंबाखालच्या बाजेवर येऊन बसले. अंबुबाईनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. कोंडाजीला वाटलं, सरकारी जनावर गेलं म्हणून आता बोलणी बसणार.

"तुझा काही दोष नाही, कोंडाजी," डॉक्टर म्हणाले. "मला वाईट वाटतंय ते वेगळ्या कारणानं. हा मेंढा ज्यानं पाठवला तो म्हातारा माझ्या ओळखीचा. मी विलायतेत शिकत होतो तेव्हा सुट्टीत त्याच्या शेतावर राहून काम केलं होतं. त्याला आता काय कळवू?"

बादली उचलून दूर जायची वेळ निघून गेली होती. कोंडाजीनं विचारलं, "कवाची गोष्ट म्हनायची ही?"

"लढाईच्या आधीची. अडतीस साल असेल." डॉक्टर जरा हसले. "कान कापायच्या दिवशी कोकरं धरायचं काम माझ्याकडं असायचं. डाव्या कानाचं टोक उडवायचं आणि उजव्याला खाच घ्यायची, ही त्या शेताची खूण. म्हातारा होता डावखुरा. त्याची खाच कधी सरळ पडायचीच नाही, सगळी तिरपी. या रोमनीकराच्या कानाची बघितली असशील ना तू? सतरा वर्षांनी हे मेंढे बोटीतून उतरले आणि मी कान बघून म्हटलं, म्हातारा अजून आहे, आणि चाकू अजून त्याच्याच हातात आहे."

लिंबाच्या फांदीवर एक कावळा बसला होता तो उडून गेला. कोंडाजीनं बाजेचा खूर धरला. अडतीस साली चिमाजी निघोज्यात त्याच्याशेजारी बसून कान कापत होता, आणि त्याच सालात सातासमुद्रापलीकडं दुसरा एक डावरा तशीच खाच घेत होता. जगात दोन डावरे असू शकतात हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. पोरगं रोमनीत नव्हतं. कधीच नव्हतं. दोन वर्षं तो ज्याच्याशी बोलत बसला ते मेंढरू होतं.

डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते चहा पीत होते. कोंडाजीला तिथून उठून जायचं होतं पण साहेब बसलेले असताना उठता येईना, आणि काही न बोलता बसावं तर हुंदका बाहेर येईल असं वाटलं. म्हणून त्यानं जिभेवर येईल ते विचारलं, आणि आलं ते अंबुबाईचं विचारणं.

"साहेब, रोमनी म्हंजी काय वो?"

"नावाचा अर्थ? तो म्हाताराच सांगायचा मला." डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. "फार जुना शब्द आहे. रुंद नदी असा त्याचा अर्थ, असं तिकडचे जाणते म्हणतात. पण गंमत बघ, मी गेलो तेव्हा गावात नदीच नव्हती. पूर्वी होती. मोठी नदी, तिथंच समुद्राला मिळायची, गलबतं अगदी देवळाच्या दारापर्यंत यायची म्हणे. मग एके वर्षी भयंकर तुफान झालं. समुद्रानं इतका गाळ आणि गोटे आणून टाकले की नदीचं तोंडच बुजलं. नदीनं वाट बदलली आणि दुसऱ्याच गावाला जाऊन मिळाली. समज, तुझ्या निघोज्याहून इंद्रायणी निघून गेली आणि परत आलीच नाही. तसं झालं. देवळात शिरायला आता पायऱ्या उतरून जावं लागतं, एवढा गाळ त्या तुफानानं गावात भरला. आतल्या खांबांवर त्याचे डाग अजून आहेत, मी हात लावून बघितले आहेत."

"कवा झालं ह्ये?"

"साडेसहाशे वर्षं तरी झाली."

"आन् नाव?"

"नाव तेच. रोमनी."

डॉक्टर गेले. चांदभाई त्यांना सोडायला पुण्याला गेला. कोंडाजी दिवसभर बाकीच्या मेंढरांमागं फिरला. मनाशी एवढंच ठरवत होता, की अंबूला हे सांगायचं नाही. आपलं जे व्हायचं ते झालं, पण ती लोकर वेचते, कातते, 'त्येचीच हाय' म्हणाली होती. तिच्याकडून हे दुसऱ्यांदा काढून घ्यायचं म्हणजे कसायाचं काम. इतकी वर्षं कोकरू मांडीवर धरून तिनं पोराचा हात बघितला, आणि आता तिला सांगायचं, की या खाचेमागं तो हात नव्हता? बेपत्ता झाल्याचा निरोप आला तेव्हा निदान सांगणारा परका माणूस होता.

दिवस कलला तसा तो खोलीवर आला. अंबुबाई उंबऱ्यात बसून टकळी फिरवत होती. माळावर काट्यांना अडकलेली शेवटची लोकर तिनं वेचून आणली होती.

"काय म्हनत हुतं डाक्टर?" तिनं विचारलं. "लई येळ बसलं हुतं."

"काय न्हाई. तू इचारत हुतीस त्ये सांगितलं त्येंनी. रोमनी म्हंजी रुंद नदी." आणि मग त्यानं तिला सगळी हकीकत सांगितली, डॉक्टरांनी सांगितली होती त्याहून जरा लांबवून, म्हणजे दुसरं काही बोलायला जागाच राहू नये. तुफान सांगितलं, गाळ सांगितला, देवळाचे खांब सांगितले. इंद्रायणीचंही सांगितलं. त्याचा आवाज कुठं कुठं बसत होता, तेव्हा तो खाकरल्यासारखं करत होता.

अंबुबाईची टकळी थांबली होती. "मंग गावानं नाव बदललं का?"

"न्हाई."

"नदी न्हाई तरीबी?"

"तरीबी."

ती हातातली लोकर नीट गुंडाळून ठेवत म्हणाली, "त्या खाचेचं मला पयल्याच दिशी कळलं हुतं."

कोंडाजीनं तिच्याकडं बघितलं.

"लई खोल हुती वो ती. तिरपी हुती, त्ये खरं. पर चिमाजीनं कवा एवडी खोल खाच घेतली? तुमी खेकसायचा त्येच्यावर, गुदगुल्या करतोयस म्हून. कोकरू माज्या मांडीवर असायचं, त्येचा हात मी जवळनं बघितलाय. त्या मेंढराच्या कानाला भ्यालेला हात लागलेलाच न्हवता."

"मंग व्हय कशापायी म्हनालीस?"

"तुमी हासत हुता," अंबुबाई म्हणाली. "धा वर्सांनी हासत हुता. आन् मला चिमाजीची आई म्हून हाक मारली हुती तुमी. मी न्हाई कशी म्हनू?"

कोंडाजी खाली बसला. आता मात्र त्याला रडू आवरलं नाही. धनगराच्या जातीला मोठ्यानं रडायला माळ मोकळा असतो, पण तो आवाज न काढता रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा दोघं मिळून चिमाजीसाठी रडली. इतकी वर्षं ज्यानं त्यानं आपापलं रडून घेतलं होतं. कारखान्याचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, रस्त्यानं सायकलींची रांग लागली आणि ओसरली, तरी दोघं उंबऱ्यातच होती.

मग अंबुबाई डोळे पुसून म्हणाली, "एक ऐकाल का माजं? पोरगं गेलं त्ये गेलं. उद्यापासनं तुमी पुन्हा मला अगं-अगं म्हनाया लागाल. निघोज्यातली बी समदी तसंच करत्यात. माज्या जिवाला जपत्यात आसं त्येंना वाटतंय. तुमी तरी नाव मोडू नगा."

कोंडाजीनं मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं. बोलायला गेला, आणि पहिल्यांदा 'चिमा' एवढंच बाहेर आलं. तो थांबला. अंबुबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, गावातल्या माणसांच्या तोंडाकडं ती बघत असे तशी, आता हे पुढं काय म्हणतील याची वाट बघत.

"चिमाजीची आई," तो म्हणाला.

"जी?"

"वाईच पानी दे."

ती उठली आणि पाणी आणायला आत गेली.